आजी, तुम्ही बाहेर बसा

नात सात वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला. मुलगा फौजेत, सून दिवसभर शेतात, म्हणून इन्सुलिनची सुई माझ्या हातात आली. मी चौथी शिकलेली. सुईवरच्या रेघा वाचायला तेवढं पुरतं. नऊ वर्षं रोज टोचलं. रडली तरी टोचलं.

ती सोळाची झाली तेव्हा कराडचे लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, आजपासून तुम्ही बाहेर बसा. अठरा झाली की ही मोठ्यांच्या डॉक्टरकडे जाणार. तिथं तिलाच बोलावं लागेल."

"तिला काय कळतंय?"

"कळेल. तुम्ही तिच्याऐवजी बोलणं थांबवा."

दोन वर्षं बाकावर बसले. आत ती औषधाचं माप ठरवायला शिकली, साखर उतरली तर काय करायचं ते शिकली. घरी विचारलं तर म्हणायची, "म्हातारे, तू बाकावरची हाईस. गप बस."

मग सांगलीच्या कॉलेजात नंबर लागला. हॉस्टेलवर राहायचं होतं. मी सांगून टाकलं, "सांगलीच्या नव्या डॉक्टरपुढं अडखळलीस, तर हॉस्टेल न्हाई." माझ्यापुढं घरात कुणी बोलत नाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी मला आत बसू दिलं, पण प्रश्न तिलाच विचारले. तिनं धडाधड उत्तरं दिली. मग ते म्हणाले, "समज, उलट्या होतायत, पोटात काही टिकत नाही. इंजेक्शन घेणार का?"

ती थांबली. मी तोंड उघडलं, तर टेबलाखालून तिनं माझा पाय दाबला.

"घेणार. बंद करायचं नाही. साखर पुन्हा पुन्हा तपासायची, पाणी प्यायचं, उलटी थांबली नाही तर लगेच दवाखाना." मग खाली बघून म्हणाली, "दुसरीत असताना असंच झालं होतं. पोट बिघडलं की आमच्यात लंघन करतात. आजीनं जेवणाबरोबर सुईपण बंद केली. तीन दिवस दवाखान्यात होते."

घरी मी सगळ्यांना सांगितलं होतं, पोरीनं चोरून गूळ खाल्ला म्हणून झालं. त्यापायी सुट्टीवर आलेल्या तिच्या बापानं तिला मारलंही होतं. पोरगी अकरा वर्षं त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

"व्हय," मी म्हणाले. "चूक माझी. तिनं गूळ खाल्ला नव्हता."

त्यांनी नवी फाईल केली आणि तिच्याच हातात दिली. "सगळं बरोबर सांगितलंस. तीन महिन्यांनी ये. एकटी आलीस तरी चालेल."

पोरगी पास झाली. माझ्याच डोक्यावर पाय ठेवून झाली, पण झाली.

बाहेर येऊन म्हणाली, "आजे, राग आला?"

"आला. हॉस्टेलात फ्रीज हाय का बघ आधी. औषध कुठं ठेवणार?"

पोरगी दवाखान्याच्या दारातच मोठ्यांदा हसली. उंब्रजला घरी पोचल्यावर मी सुनेला गुळाची खरी गोष्ट सांगितली, मुलाला फोन लावून त्यालाही सांगितली, आणि पोरीचं सामान बांधायला बसले.