धागे ओवणाऱ्याच्या स्टुलावर

कल्याणला उतरून मी भिवंडीची शेअर रिक्षा धरली. मागच्या सीटवर आम्ही तिघी. मी कडेला, अर्धी आत अर्धी बाहेर. दुर्गाडीचा पूल ओलांडेपर्यंत कंबर बोलायला लागली होती.

पुण्यात एका छापखान्यात मी अठरा वर्षं मुद्रितं तपासते आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हे बसून करायचं काम सोडायचा विचार करा." विचार करायलाच मी चार दिवस रजा काढून मैत्रिणीकडे, सुनीताकडे, भिवंडीजवळच्या कोन गावाला निघाले होते. काम सोडलं तर मी करणार काय, हे मात्र मला सुचत नव्हतं.

सुनीताच्या सासूबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं होतं. जेवायला खाली बसले, चवीनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि उठायला गेले तर उठताच येईना. मला भयंकर लाज वाटली. सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी मला ओढलं नाही. म्हणाल्या, "थांब गो. आदी एक गुडघा उबा कर, मंग त्याच्यावर हात ठेव." तसं केलं आणि उठले.

"तुमची पाठ दुखत नाही का हो?"

"दुखते ना. पन मी एका बाजूला जास्त येल (वेळ) बसतच न्हाय. तू जेवताना हललीस पन न्हाय, मी बघत व्हते."

आपण बसलेलं कोणी बघत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुनीता नवऱ्याचा डबा घेऊन भिवंडीत धामणकर नाक्याकडे निघाली, मीही गेले. नाक्यावर ट्रक आडवा आला होता, म्हणून शेवटचा टप्पा चालत गाठला. तिच्या नवऱ्याचा यंत्रमागाचा लहानसा कारखाना आहे. लूमच्या आवाजात शब्द कळेना, म्हणून तिनं मला मागच्या खोलीत नेलं.

तिथं इस्माईलभाई एका बुटक्या स्टुलावर बसले होते. नवा ताणा (कापडाचे उभे धागे) लूमवर चढवण्याआधी त्यातला एकेक धागा बारीक आकड्यानं तारेच्या डोळ्यातून ओवून घ्यावा लागतो. हजारो धागे असतात. म्हणजे कामाच्या जातीनं ते माझे भाऊबंदच. मी पंधरा मिनिटं बघत राहिले. त्यांचे हात थांबत नव्हते. पण दर थोड्या वेळानं पाऊल सरकायचं, मान सैल व्हायची, खांदे खाली यायचे.

"हे तुम्ही मुद्दाम करता?" मी विचारलं.

ते हसले. "आता आदत झाली, मॅडम. पहिले पत्थरासारखा बसायचो. मग एक दिवस उठलोच नाही. तीन महिने लेटून होतो, बीवी खाना भरवायची. त्या टायमाला सोचलं, कमर एकदम थोडीच गेली? रोज काहीतरी सांगत असणार. मीच सुनत नव्हतो."

"आणि आता?"

"आता पण दुखते. लेकिन पहिले खांदा चढतो, मग गर्दन पुढे जाते. खांदा चढला की समजतो." मग ते उठलेच. "बसा तुम्ही. दहा धागे ओवा."

मी बसले. पहिला धागा दोनदा निसटला. तिसऱ्या-चौथ्याला जमू लागलं आणि मला फार आनंद झाला. सहाव्या धाग्याला इस्माईलभाई हळूच म्हणाले, "मॅडम, सांस घ्या. धागा भाग नहीं रहा."

मी खरोखरच श्वास धरला होता. दात आवळलेले, पाय स्टुलाच्या दांड्याला घट्ट गुंडाळलेले, नाक धाग्यांना टेकायचं बाकी. छापखान्यात अठरा वर्षं मी अशीच बसत आले असणार. श्वास सोडला, पाय जमिनीवर टेकवले. कंबरेतली कळ गेली नाही. जराशी मागे सरली, एवढंच. उरलेले चार धागे ओवायला मला बराच वेळ लागला, पण ते सारे मी श्वास घेत ओवले. सुनीता दाराशी उभी होती. "रडतेस का गं?" तिनं विचारलं. मला ठाऊक नव्हतं.

परतीच्या गाडीत कर्जतपर्यंत मी चार वेळा उठून उभी राहिले. समोरच्या बाईंनी शेवटी पाय आवरून मला वाट करून दिली.

मी काम सोडलं नाही. व्यायाम सुरू आहे, औषधही आहे. वाईट दिवस अजून येतात. मालकांना मी एवढंच म्हटलं की मला तासातून एकदा उठू द्या, आणि माझं टेबल उंच करून घ्या. सुतार आला, टेप काढून उभा राहिला. "मॅडम, कोपर कुठवर येतं तुमचं?"

मला सांगता येईना. मग मी खुर्चीत बसले, हात सैल सोडले आणि कोपर कुठवर येतं ते पाहिलं.