एक्स-रेवाल्या मावशीची भुयारं

आमच्या गल्लीत अशी वदंता आहे की माझी मावशी रोज माणसांच्या हाडांचे फोटो काढते, त्यामुळे तिची नजरच तशी झालीये. समोरच्याच्या पोटात काय आहे ते तिला दिसतं, आणि तिच्या रविवारच्या खेळात कोण लबाडी करतंय हे ती नुसतं बघून सांगते.

साफ खोटं. मी पंधरा वर्षं तिला बिनधास्त थापा मारत आलेय. मावशी इस्पितळाच्या तळघरात एकोणीस वर्षं एक्स-रे काढतेय हे खरं; पण लबाडीच्या बाबतीत ती तब्बल तीन महिने चाचपडत होती.

खेळ असा. रविवारी दुपारी तीनला तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही तिघं बसतो. प्रत्येकाचं एक पात्र. मावशी गोष्ट सांगते: भुयारं, राक्षस, शापित राजवाडे. आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. पथ्य एकच. जे पात्राला ठाऊक नाही, ते खेळणाऱ्याने वापरायचं नाही. याला मेटागेमिंग म्हणतात. मावशी म्हणते, "उसनी अक्कल."

संशय होता लिफ्टवाल्या काकांवर. काका लिफ्टची दुरुस्ती करतात आणि बोलतातही बिघडलेल्या लिफ्टसारखं. वाक्य सुरू होतं, दोन मजल्यांच्या मधे अडकतं, मग धक्का खाऊन वर येतं. "मला वाटतं..." (तेवढ्यात तुम्ही पाणी पिऊन या) "...डावीकडे जिना असेल." आणि असायचाच! बरं, त्यांचं पात्र म्हणजे डोंगरातला मेंढपाळ, जन्मात पक्की भिंत न पाहिलेला. हा मेंढपाळ दर भुयारात थेट चोरवाटेपाशी जाऊन उभा, जसा काही घरचा नळ बंद करायला निघालाय.

तिसरे बँकेतले कारकून, खेळात सरदार. "म्हणजे कसं आहे ताई, नियम म्हणजे नियम. तुमचे नकाशे वहीत. वही शिवणाच्या डब्यात. डब्याला कडी नाही. पुढे मी काही बोलत नाही," असं म्हणून ते पाव तास बोलले. शेवटी म्हणाले, "पुढच्या रविवारी एक तर ते, नाही तर मी."

तिघांतला एक गेला की खेळ मोडला. त्यातून काकांशी आठवडाभरात कुणी दोन शब्द बोलत असेल तर ते याच टेबलावर. हे मावशीने मला भांडी घासताना सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"अगं, पण वही वाचतात ते! पैज लाव."

"पुरावा?"

"तोंडावर लिहिलंय की."

"तोंडांचे एक्स-रे मी काढते. त्यात असलं काही येत नाही. नुसत्या संशयावर मी कुणाला टेबलावरून उठवणार नाही."

पैज ठरली. मी जिंकले तर यापुढे नकाशे मी काढणार. हरले तर चार रविवार माझ्या नकला बंद, आणि माझं पात्र, बडबडा भिक्षू, मुकं.

मावशीने आडून आडून काही केलं नाही. काकांना फोन लावून सरळ विचारलं, "वही वाचता का हो?"

"नाही."

"मग कळतं कसं?"

मोठा अडकाव. "...मलाही कळत नाही."

पुढच्या रविवारी शिवणाचा डबा टेबलावर होता, बँडेजने गच्च गुंडाळलेला. "आज वही नाही," मावशी म्हणाली. "भुयार इथेच रचणार, तुमच्यादेखत." कोरा कागद, पेन्सिल. तिने एक दालन काढलं, दालनात जाडजूड खांब. "बोला काका, मेंढपाळ काय करतो?"

काकांना घाम फुटला. "नको. मी आज... गप्पच बसतो."

"बोला."

"खांबाच्या मागे... अरुंद बोळ. टोकाला लोखंडी दार."

मावशीची पेन्सिल खांबामागेच थबकली. बोळ अजून कागदावर उतरायचा होता.

कारकून ताडकन उठले. "बघा! बघा! म्हणजे कसं आहे..."

"श्वास घ्या," मावशी म्हणाली. "रोखा. हलू नका."

हा तिचा कामावरचा आवाज. कारकुनांनी खरोखर श्वास रोखला. मीसुद्धा.

"काका, दारामागे काय आहे?"

"मोटर," काका म्हणाले, पहिल्यांदाच न अडकता. "लिफ्टची. दर महिन्याला बघायला येतो ना मी. तुमच्याच इस्पितळात."

मावशीने बँडेज कापलं, वही उघडली. राक्षसाची गुहा म्हणजे तिची एक्स-रेची खोली. शापित विहीर म्हणजे चादरी धुतात ती जागा. एकोणीस वर्षं ज्या बोळांतून ती चालली तेच पेन्सिलीतून उतरत होते. तिला पत्ता नव्हता, काकांनाही नव्हता. काकांच्या पायांना तेवढा होता.

"सोडा आता श्वास," ती कारकुनांना म्हणाली. ते टोमॅटोसारखे लाल झाले होते.

काकांनी खुर्ची मागे सरकवली. "म्हणजे उसनीच झाली. उठतो मी."

"बसा! उसनी मी दिलीये, तुम्ही मागितली नव्हती. पाय ओळखीच्या वाटेला लागले की तसं सांगायचं, मी भिंत हलवीन. आणि नकाशे नवे काढीन."

कारकुनांनी बराच विचार केला. "म्हणजे कसं आहे... नियमात बसतंय." आणि तेही बसले.

नवे नकाशे आणायचे कुठून? तेव्हापासून मावशी दर शनिवारी अनोळखी इमारतींतून पावलं मोजत फिरते. टपाल कार्यालय झालं, वाचनालय झालं. दारावरच्या माणसाला पहिला प्रश्न, "इथे लिफ्ट नाही ना?" नाही म्हटलं की इतकी खूश होते, की तो बिचारा घाबरून साहेबांना बोलावतो.

आज माझा दुसरा मुका रविवार. मेंढपाळ आत्मविश्वासाने डावीकडे वळला आणि भिंतीवर आपटला. काका इतके हसले की फासे खाली पडले. कारकून चार वेळा "म्हणजे कसं आहे" म्हणाले, चारही वेळा अगदी सुरात, आणि त्याची नक्कल माझ्या ओठांपर्यंत येऊन परत गेली.

मावशीने पेन्सिल खाली ठेवली, आणि माझ्याकडे वळून गोड आवाजात विचारलं, "भिक्षूला काही म्हणायचंय का?"