घोंगड्यावरचे दिवस

होटगीत रुळांच्या अलीकडे पत्र्याच्या घरांची एक रांग आहे, तिच्यात शेवटून दुसरं घर चंद्रिकाचं. पण नावानं विचारलंत तर घर सापडायला वेळ लागेल. "मायाक्काचा नेम धरती ती बाई" म्हणालात तर शेळ्या राखणारी म्हातारीसुद्धा हात करून दाखवेल. सगळ्या होटगीला ती देवभोळी वाटते. खरं सांगायचं तर तिला देवीपेक्षा झोपेची ओढ जास्त आहे, आणि त्यात तिची काही चूक नाही.

सकाळी भाकऱ्या थापायच्या, शेळ्यांचं बघायचं, वडापची जीप गाठून सोलापूर, भवानी पेठेतल्या कारखान्यात दिवसभर टॉवेलच्या कडा शिवायच्या आणि अंधार पडता पडता परत चुलीपुढं बसायचं. घरात सासू गिरिजाबाई, नवरा बिरुदेव आणि दोन मुली, सोनाली आणि ऋतुजा. बिरुदेव रेल्वेच्या ठेकेदाराकडं रुळाखाली खडी भरायच्या कामावर. माणूस वाईट नाही. दारूला शिवत नाही, पगाराला गरम भजी बांधून आणतो, आणि चंद्रिका कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल करायला लागली की पोट धरून हसतो. त्याचा एकच दोष. बायकोचं "आज नको" त्याच्या कानात शिरायचं नाही. ते लाजून म्हणायचं असतं, असं त्याला दोस्तांनी शिकवलेलं. त्या दोस्तांना कुणी शिकवलं देव जाणे.

ऋतुजाच्या वेळी चंद्रिका मरता मरता वाचली. रक्त थांबेना. मोठ्या दवाखान्यात बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तेव्हा कुठं डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी बिरुदेवला समोर उभं करून सांगितलं, तिसरं मूल आलं तर हिच्या जिवाला धोका आहे, आता ऑपरेशन करून टाका. बिरुदेवनं मान हलवली. घरी आल्यावर गिरिजाबाईंनी ती मान दुसरीकडं वळवली. "ल्योक झाल्याबिगार आपरेशन न्हाय. वंशाला दिवा नगं का?" मग बिरुदेवनं करून घ्यावं म्हटलं, तर तो म्हणाला, "मर्दानं केलं की ताकद जाती. खडीची पाटी कोन उचलंल मग?" झालं. दोघांचंही ठरलं आणि मधल्या मधे जीव कुणाचा, तर जिला कुणी विचारलंच नाही तिचा.

गोळ्या घेऊन बघितल्या, तर मशीनवर बसल्या बसल्या गरगरायचं. तांबी बसवली, तर अंगावरून जायचं थांबेना. ती काढावी लागली. शेवटी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिला बाजूला घेऊन दिवस पाळायचं समजावलं. पाळी झाल्यावर अंग कोरडं असतं. मग मधे काही दिवस कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी जातं, तेव्हा मूल राहतं. ते दिसायला लागल्यापासून पुरतं सरेपर्यंत, आणि वर आणखी थोडे दिवस, नवऱ्याला लांब ठेवायचं. "ह्यात औषध नाही, खर्च नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पण भरवसाबी पुरता नाही. आणि नवऱ्यानं ऐकलं तरच."

म्हणजे गाडं पुन्हा तिथंच येऊन रुतलं. चंद्रिकानं बिरुदेवला सगळं सांगितलं, लाज सोडून सांगितलं. तो हसला. म्हणाला, "तू काय पंचांग हाईस व्हय?"

मग एकदा असं झालं. ते मधले दिवस चालू होते. कारखान्यातून आली तेव्हा तिची पाठ धरली होती. दांडीवर बिरुदेवच्या आजाचं काळं घोंगडं होतं. धनगराच्या घरात घोंगडं म्हणजे अर्धा देवच. त्यावर कुणी पाय देत नाही की दुसऱ्याच्या घोंगड्याला हात लावत नाही. तिला तेवढं कुठं सुचत होतं? हाताला लागलं ते काढून देव्हाऱ्यापुढं पसरलं आणि आडवी झाली. बिरुदेव आत आला आणि दचकून म्हणाला, "हे काय गं? घोंगडं खाली?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "मायाक्काचा नेम धरलाय. देवी सपनात आली हुती. ती म्हनंल तवर हितंच निजायचं."

बिरुदेवनं पायातलं पायताण बाहेर काढून ठेवलं, देव्हाऱ्याला हात जोडले आणि वाकळ घेऊन गपगुमान अंगणात गेला. चंद्रिका पडल्या पडल्या त्याची पाठ बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचा शब्द जे करू शकला नव्हता ते एका थापेनं केलं होतं. तिला आनंद झाला का? झाला. पण त्याच्याखाली कुठंतरी फार वाईट वाटलं, आणि ते वाटणं पुढं कधी गेलं नाही.

तेव्हापासून नेम सुरू झाला. देवी काही वार बघून येत नसे. चंद्रिकाच्या अंगानं खूण दिली की देवी सपनात यायची आणि घोंगडं खाली यायचं. खूण सरली, वरचे दिवस सरले, की देवी माघारी जायची. दांडीवर घोंगडं असलं की बिरुदेव आत असायचा, आणि ते दिवस गोड असायचे. तेव्हा भजी यायची, मुकादमाची नक्कल व्हायची, आणि दमून आलेल्या तिच्या पाठीवरून तो खडीनं खरखरीत झालेला हात फिरवायचा. पण तेवढ्यातही तिचं अर्धं ध्यान आपल्याच अंगाकडं. चुलीवरच्या दुधावर ठेवावी तशी स्वतःवर नजर ठेवायची, ती किती वर्षं ठेवणार? पाळी जरा लांबली की भाकरी घशाखाली उतरायची नाही. आली की पोट दुखत असतानाही ती मनातल्या मनात हसायची.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण देवी जिच्याशी बोलते तिला शेजारी सुखानं बसू देतात होय? पहिली आली भीमाबाई. तिची सून शिवलीला, लग्नाला चार वर्षं झाली, कूस उजवेना. "देवीला इच्यार की गं," भीमाबाई गळ्यात पडली. चंद्रिकानं टाळायचं बघितलं, जमलं नाही. मग तिनं शिवलीलाला शेळ्यांच्या गोठ्यामागं नेऊन दोन गोष्टी विचारल्या आणि चिकट पाण्याची ती खूण समजावली. तिचा नवरा ट्रकवर, येतो तेव्हा येतो. चंद्रिका भीमाबाईला म्हणाली, "देवीचा कौल हाय. शिवलीला सांगंल तवा पोराला घरी बोलवून घ्यायचं." आपल्या घरी ज्या दिवसांत नवरा बाहेर, त्या दिवसांत शिवलीलाचा नवरा आत. एवढाच काय तो कौल. वर्ष सरायच्या आत भीमाबाई नातवाला घेऊन पेढे वाटत आली.

झालं, होटगी लोटली. मंगळवारी कारखान्यातून यावं तर दारात बायका. सगळ्यांनाच गुण यायचा नाही, पण ज्यांना आला त्यांनी गावभर सांगितलं. नारळ इतके साठले की पोरी खोबऱ्याच्या चटणीला वैतागून शेंगाच्या चटणीसाठी रडायला लागल्या. बायकांची तक्रार एकच. "देवी हाय खरी, पर हिच्या आंगात येत न्हाय. गप बसून सांगती." घुमणं, केस सोडणं, चंद्रिकाला ते कधी जमलं नाही, आणि जमवायची तिला इच्छाही नव्हती. तिला भाकरी टाकून आडवं व्हायचं असायचं.

आणि एक दिवस जे व्हायचं ते झालं. गिरिजाबाई म्हणाल्या, "लोकांच्या घरात दिवा लावती आन आपल्या घरात अंधार. हे काय बरं न्हाय."

चंद्रिका म्हणाली, "देवी थांब म्हनती, आत्या." हे ती दर खेपेला म्हणायची. पण ह्या खेपेला गिरिजाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी मंगळवारी चार बायका बोलावल्या, भंडारा मागवला. चंद्रिका वडापमधून उतरून दारात आली तर तयारी पूर्ण. मशीनची घरघर अजून कानात होती. तिला तसंच देव्हाऱ्यापुढं बसवलं.

गिरिजाबाईंनी पदर पसरला. "आई मायाक्का, हिचा नेम लई वर्सं झाला. आता सोडव हिला. घोंगडं कायमचं वर जाऊ दे. माझ्या बिरुदेवाला ल्योक दे, मग पुन्यांदा नेम धरंल ती."

दाराशी बसलेला बिरुदेव म्हणाला, "व्हय. म्याबी तेच म्हनतो. बकरं बोलू."

नेम गेला की उद्यापासून चंद्रिकाजवळ काय राहणार होतं? पुन्हा तेच "आज नको", आणि पुन्हा ती बाटल्यांची खोली. थांब म्हणते देवी, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिच्यात ते उरलं नव्हतं.

"देवी काय बोलत न्हाय," ती म्हणाली. "कवाच बोलली न्हाय. मी बोलतीया." आवाज चिरकला, हात कापायला लागले, अंबाडा सुटून केस पाठीवर आले. "मला पोर नगं. मी मरंन. मागल्या खेपंला मी आत मरत हुते आन तुमी समदी भाईर नाव कुनाचं ठिवायचं ते बोलत हुता. मला कुनी इच्यारलं? आता इच्यारू बी नगा. ह्या घरात तिसरं व्हनार न्हाय. मी सांगतीया, मी."

तिला वाटलं, आता सासू झिंज्या धरणार, बिरुदेव उठून येणार. येऊ देत. इतक्या वर्षांनी खरं बोलून ती हलकी झाली होती.

मग मागून भीमाबाईचा दबका आवाज आला. "आलं गं बाई. आलं आंगात."

गिरिजाबाईंनी थरथरत तिच्या पायावर डोकं ठेवलं. "आई, चुकलं. मला कळलं न्हाय. न्हाय मागनार पुना." कुणीतरी तिच्या डोक्यावर भंडाऱ्याची मूठ उधळली. ती डोळ्यांत गेली.

"आत्या, उठा. अवो, मी हाय," चंद्रिका म्हणाली. तिनं दाराकडं बघितलं. हा तरी ओळखेल. "अवो, मी बोलतीया. चंद्रिका."

बिरुदेव गुडघ्यावर आला होता. त्यानं वर बघितलं नाही. "व्हय आई," तो म्हणाला. "तू म्हनशील तसं. पोरीच ऱ्हाऊ देत. उद्याच जाऊन म्या माझं आपरेशन करून येतो."

जे तिनं वर्षानुवर्षं रडून मागितलं, ते असं पुढ्यात येऊन पडलं. तिला जीव मिळाला होता. फक्त तो तिला म्हणून नाही, देवीला म्हणून दिला होता.

बायका गेल्या. पोरींना घेऊन गिरिजाबाई भीमाबाईकडं जेवायला गेल्या. देवीला निवांत पडू द्यायचं म्हणून. चंद्रिका भिंतीला टेकून बसली, भुवयांवर पिवळं घेऊन. दांडीवर घोंगडं तसंच होतं. ते दिवस कोरडे होते, काढायची गरजच नव्हती. तिला फार वाटत होतं की बिरुदेवनं यावं, शेजारी बसावं आणि पाठीवर हात ठेवावा.

तो आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. ती म्हणाली, "आत या की. पाठ लई दुखतीया."

त्यानं पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला, हात जोडले, आणि देवळातून निघताना निघतात तसा, पाठ न दाखवता, मागच्या मागं अंगणात गेला.