टाचेखालची कळ

कुठलीही बिघडलेली वस्तू हातात आली की ते आधी तिचा वास घ्यायचे. रेडिओ असो, इस्त्री असो, नाक लावायचे, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचे, "जळालं न्हाई. नुसतं रुसलंय." असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी राहिला असेल. आमच्या शेजारी, पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, भिंतीला भिंत लागून ते राहत. नोकरी टेलिफोन दुरुस्तीची. मी बुकिंग क्लार्क. सगळे त्यांना भाऊ म्हणत.

भाऊंना एकच मुलगी, सुजाता. जन्मापासून तिचे हातपाय तिच्या ताब्यात नव्हते, बोलताही येत नव्हतं. समजायचं मात्र सगळं. वहिनी जवळच्या खेड्यात शाळेवर शिक्षिका. खाटेशेजारी पाटी धरून त्यांनी पोरीला अक्षरं ओळखायला शिकवली होती. पण ओळखलेली अक्षरं ती सांगणार कशी?

भाऊंच्या साडूने परदेशातून मुलांना खेळायला एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून चालू करायचा, अशा जातीचा. मुलं कंटाळली तेव्हा भाऊंनी तो मागून आणला आणि आल्याआल्या त्याच्या रबरी कळा उपटून काढल्या.

"अहो, चांगला चालायलाय की तो!" वहिनी ओरडल्या.

"चालतोय. पण हिच्या कामाचा न्हाई."

सुजाताची डावी टाच तेवढी तिच्या मनासारखी हलायची. भाऊंनी टाचेखाली लाकडी फळी बसवली, फळीखाली स्प्रिंग, आणि तिथून तारांना डाग देत देत त्या कॉम्प्युटरच्या पोटात नेल्या. टीव्हीवर अक्षरं एकामागून एक येत. हवं ते आलं की तिने टाच दाबायची. यंत्रात मराठी नव्हतं; अक्षरं भाऊंनी चौकटीच्या कागदावर स्वतः काढून आत भरलेली. यंत्रात जागा थोडी, म्हणून ण आणि ळ राहून गेले. सुजाताने केळी मागितली की पडद्यावर 'केली' यायचं. भाऊ विचारायचे, "काय केली, बाई?" आणि ती सगळं अंग हलवून हसायची.

मग विद्यापीठाच्या नामांतराचं वातावरण पुन्हा तापलं. रोज कुठल्या तरी गावाची बातमी यायची. भाऊंनी पूर्वी एकदा हे पाहिलं होतं. गावाकडचं त्यांच्या थोरल्या भावाचं घर तेव्हा जळालं होतं. दिवसा ते ड्युटीवर, वहिनी शाळेत, पोरगी घरात एकटी. "हिला ओरडता येत न्हाई हो," एवढंच ते मला म्हणाले.

त्यांनी त्या कॉम्प्युटरला, टाच दाबून धरली की वाजेल अशी, एक घंटी जोडली आणि तिची तार आमच्या स्वयंपाकघरात आणायचं ठरवलं. एवढी वर्षं शेजारी असूनही तार हातात घेऊन ते दारातच थांबले. "चालंल का तुमाला?"

"आत या की भाऊ," माझी बायको म्हणाली. "खिळा काय उंबऱ्यातून ठोकणार हाव?"

एका बंदच्या दुपारी ती घंटी वाजली. बायको पिठाच्या हातानं धावली, मागे मी, हातात खलबत्त्यातला बत्ता. आमच्याकडे ठेवलेल्या किल्लीने मी कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. सुजाता शांत पडली होती आणि टीव्हीवर लिहिलेलं होतं, 'काकू बस'.

बायको खाटेवर बसली आणि रडायलाच लागली.

संध्याकाळी भाऊंना सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते पोरीजवळ गेले. "बाळा, ही घंटी संकटासाठी हाय. उगी वाजवायची न्हाई."

सुजाताने टाच दाबली. आम्ही सगळे टीव्हीकडे बघत उभे. ए आला. मग बऱ्याच वेळाने क. मग ट. मग वेलांटी.

भाऊ बाहेर गेले आणि चांगली असलेली सायकल उलटी करून तिचं चाक काढत बसले. त्यानंतर घंटी रोज दुपारी वाजायची आणि माझी बायको रोज जायची. भाऊंनी पुन्हा कधी तिला अडवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग परभणीचा दवाखाना. तिथून ते परत आले नाहीत.

वहिनी शाळेला जाण्याआधी कॅसेट लावून जायच्या. सुजाताने कितीतरी दिवस काहीच लिहिलं नाही. मग हळूहळू लिहायला लागली. पानी, पंखा, काकू. आम्हाला हायसं वाटलं. आणि पावसाळ्यात एका सकाळी टीव्हीवर नुसते पट्टे आले. अक्षर येईना.

मी तो कॉम्प्युटर टॉवेलात गुंडाळून नांदेडला नेला. रेडिओ-टीव्हीच्या दुकानदाराने झाकण उघडलं. आत रंगीबेरंगी तारांचं जाळं होतं. मूळच्या वाटा तोडून भाऊंनी आपल्या वाटा केल्या होत्या. त्या कुठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या. तो माणूस भला होता, हात लावून बिघडवलं नाही त्याने. म्हणाला, "साहेब, हे ज्यानं केलं ना, त्यालाच दाखवा."

मी परत आलो तेव्हा वहिनी आणि माझी बायको खाटेपाशी बसलेल्या होत्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. मी टॉवेल सोडून ते यंत्र टीव्हीशेजारी ठेवलं. सुजाताने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या पाठीमागे उघड्या राहिलेल्या दाराकडे ती बघत होती. आणखी कोणी यायचं राहिलंय अशी.