त्याच्यासारखे दिसणारे सहाजण

वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत मला दोन कारणांनी मान होता. मी दिवाळी अंकांत रहस्यकथा लिहायचो आणि विशेष कार्यकारी अधिकाऱ्याचा सरकारी शिक्का माझ्याकडे होता. दाखल्यांवर सह्या करायच्या, पोलिसांनी बोलावलं तर ओळख परेड घ्यायची.

आमच्याच इमारतीतल्या एका बाईंचं मंगळसूत्र खेचलं गेलं. चोराने तोंडाला रुमाल बांधलेला, फक्त डोळे दिसले. "चिनी होता मेला," एवढंच त्या सांगत. पोलिसांनी माजिवड्याच्या सलूनमध्ये केस कापणारा एक मणिपुरी तरुण उचलला. परेडचा नियम साधा होता. आरोपीसारखे दिसणारे सहाजण त्याच्याबरोबर उभे करायचे, आणि ते पारखून घ्यायचे मी.

हवालदाराने रिक्षा स्टँडवरून सहा पोरं आणली. सगळी इथलीच, एकाला तर झुपकेदार मिशा.

"अहो, हे त्याच्यासारखे कुठे दिसतात?"

"साहेब, तसले सहा आणायला मला चीनलाच पाठवा. पासपोर्ट तेवढा काढून द्या."

मी हसलो. परेड रद्द करणं माझ्या हातात होतं. पण दीड वाजला होता आणि घरी आमरस होता.

नियमाप्रमाणे मी त्या तरुणाला विचारलं, "कितव्या जागेवर उभा राहतोस?"

"किधर भी खडा करो, सर. क्या फरक पडेगा?"

सहाही जण हसले. मीही.

बाईंनी आत येताच बोट दाखवलं. जाताना म्हणाल्या, "काका, यात ओळखायचं काय होतं?" मी अहवालात लिहिलं, 'आरोपीशी साधर्म्य असलेले सहा इसम निवडले.' शिक्का मारला.

तो दीड वर्ष तुरुंगात होता. त्या दिवाळीत मी बारीक डोळ्यांच्या साखळीचोराची कथा लिहिली. वाचकांना फार आवडली. मग कोपरला पकडलेल्या एकाकडे ते मंगळसूत्र निघालं. आडनावाने तो आमच्यातलाच.

सुटल्यावर तो तरुण माझ्या दारात आला. भाड्याच्या खोलीसाठी चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यावर सही हवी होती. घरमालकाने पाठवलं की मुद्दाम माझ्याकडेच आला, कोण जाणे.

"आत मराठी शिकलो, सर," तो म्हणाला. "तिथे जुने दिवाळी अंक येतात. तुमची गोष्ट वाचली. त्यातला चोर दोन थपडा खाऊन कबूल करतो. मला पुष्कळ मारलं. मी नाही केलं कबूल."

शिक्का टेबलावर होता. दोघांनाही दिसत होता.

"माझी मुदत संपली," मी म्हटलं. "दुसरीकडे बघ."

त्याने शिक्क्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि जिना उतरून गेला. खोली मिळाली की नाही, मी कधी विचारलं नाही.

आता माझी मुदत खरोखरच संपली आहे. तेव्हा शिक्क्याशिवाय लिहितो. ते सहाजण त्याच्यासारखे दिसत नव्हते, आणि हे मला परेड सुरू होण्याआधी माहीत होतं.