इंदूताईंच्या तीन बरण्या

दर्यापूरला बसस्टँडमागे इंदूताईंचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. नवं गिऱ्हाईक आलं की माप घ्यायच्या आधी त्या विचारायच्या, "कोनं सांगतलं तुमाले माह्या दुकानाचं?" उत्तर मिळालं की खिडकीतल्या तीन बरण्यांपैकी एकीत बटण पडायचं. पत्रक वाचून आलेल्याचं पांढरं, ऑटोवरचा भोंगा ऐकून आलेल्याचं लाल, कुणी तोंडी सांगितलेल्याचं काळं. जूनची गर्दी ओसरली की बरण्या उजेडात धरून त्या पुढच्या वर्षीची जाहिरात ठरवायच्या. एका वर्षी लाल बटणं तळाशीच राहिली. भोंगा कायमचा बंद झाला.

"जाहिरात म्हंजे बी शिलाईच," त्या म्हणायच्या. "कापड कमी असलं तं नाप दोनदा घ्या लागते."

त्यांची पत्रकं मी लिहायचो. लिहायला शिकलो मोर्चांत, त्यामुळे पहिल्याच वर्षी 'पालकांनो, जागे व्हा' अशी सुरुवात करून नेली. ताईंनी चष्मा लावून वाचलं आणि कापडाच्या खडूने आडवी रेघ मारली. "पालक जागेच असतेत राजा. त्यायले भाव सांग, पत्ता सांग. भांडण तुह्यं, गिऱ्हाईक माह्यं. दोन्ही एका कागदावर कावून?"

मग गावातल्या मोठ्या शाळेने गणवेश एकाच दुकानातून घ्यायचा असं ठरवलं. लेखी काही नाही, कारण लेखी दिलं की पकडता येतं. ताईंचं निम्म्याहून जास्त काम त्याच शाळेचं. "हा जून गेला तं दुकान गेलं," मशीन न थांबवता त्या म्हणाल्या.

पैसे एकाच गोष्टीपुरते होते. बरण्या समोर ठेवून त्यांनी बेत आखला. पत्रकं मोजकीच छापायची, पेपरात घालायची नाहीत. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून आयांच्या हातात द्यायची. एक बाई वाचून आली की तिच्यामागून चौघी ऐकून येतात, हे त्यांना बरण्यांनीच शिकवलं होतं. मजकूर त्यांनीच सांगितला: तोच रंग, तेच कापड, शिलाई कमी, गुडघा फाटला तर दुरुस्ती फुकट.

छापायला मी अमरावतीला गेलो. खाली दोन बोटं जागा उरत होती. कोरी जागा मला बघवत नाही. ताईंना न विचारता मी ओळ टाकली: 'एकाच दुकानाची सक्ती करायचा शाळेला हक्क नाही. जाब विचारा.'

ओळ खरी होती. अजूनही खरी आहे.

छापखान्यातून थेट फाटकावर गेलो आणि सगळी पत्रकं वाटली. ताई गळ्यात टेप अडकवून दुकानात वाट बघत होत्या. दुपारीच शाळेने आयांना आत बसवून सांगितलं, बाहेरचा गणवेश घातलेलं मूल वर्गात बसणार नाही. तोवर ही धमकी कुणी उघड दिली नव्हती. माझ्या ओळीने ती द्यायला लावली.

आठवडाभर एकही बटण पडलं नाही. मग एक बाई आली, पदराखाली पत्रक लपवून. "ताई, तुमच्याकूनच शिवून घेनार होती मी. पन पोरीले वर्गाबाहेर उभं ठेवतीन. मी आली होती, हे कोनाले सांगू नका." पत्रक ठेवून ती निघून गेली. ताईंनी ते उचललं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.

"हे खालची ओळ कोनाची?"

"माझी."

त्यांनी डब्यातून एक पांढरं बटण काढून बरणीत टाकलं. "वाचून आली न बाई. टाका लागते."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळीआधीच दुकान बंद झालं. ताई आता अकोल्याला एका कारखान्यात शिवतात. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मशीनवर त्याच शाळेचा शर्ट होता, खिशावर शाळेचा बिल्ला. मी विचारलं, "ताई, बरण्या कुठं आहेत?"

"देल्या शेजारनीले, लोनच्यासाठी." त्यांनी दाताने धागा तोडला आणि पुढचा शर्ट सुईखाली ओढला. "इथं नाई लागत राजा. इथच्या गिऱ्हाईकाले कोनं सांगतलं, ते सगळ्यायले मालूम हाये."