गोऱ्यांच्या गावातला माझा मावसभाऊ

दुसऱ्यांच्या घरात माझ्या मावसभावाइतकं मन लावून डोकावणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही, आणि या कामासाठी परदेशातलं एक विद्यापीठ त्याला चक्क पगार देतं. तो मानववंशशास्त्रज्ञ आहे. हा शब्द आमच्या घरात कुणालाच एका दमात म्हणता येत नाही, म्हणून पाहुण्यांना आम्ही "तिकडे प्रोफेसर आहे" एवढंच सांगतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या एका थंडगार गावात तो राहतो, तिथल्या माणसांचा अभ्यास करतो आणि उरलेल्या वेळात त्यांच्यावरच इंग्रजीत कादंबऱ्या लिहितो. तिकडच्या एका सभेत कुणीतरी त्याला विचारलं, "तुम्ही भारतातले, मग आमच्याबद्दल का लिहिता?" हा शांतपणे म्हणाला, "तुमची माणसं पिढ्यानपिढ्या आमच्याकडे येऊन आमच्याबद्दल लिहून गेली. मी एकटा इकडे आलो तर एवढं काय?"

सुट्टीवर आला तरी त्याचं शास्त्र सुट्टीवर जात नाही. लग्नात तो जेवायच्या आधी पंगतीभोवती फेरी मारून कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते पाहतो. आईच्या गावाजवळच्या नरडाण्याहून जळगावला माझ्याकडे येताना पॅसेंजरमध्ये एका गृहस्थांनी सहज त्याचं गाव विचारलं, तर याने उलट विचारलं, "अनोळखी माणसाशी तुम्हाला का बोलावंसं वाटलं?" ते बिचारे बॅग उचलून दुसऱ्या डब्यात गेले. हिवाळ्यात आम्ही शेतात भरीत पार्टी केली, तेव्हा तर त्याने कहर केला. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती आणि हा माझ्या नवऱ्याला विचारत होता, "घरात पाण्याचा पेलाही न उचलणारे पुरुष शेतात आले की स्वयंपाक कसा काय करतात?" नवरा उत्तराचा विचार करत राहिला आणि वांग्यांचा कोळसा झाला. त्या दिवशी आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ठेच्याशी खाल्ली.

त्याला पुरून उरणारी एकच व्यक्ती म्हणजे त्याची आई, माझी मावशी. मावसे दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले तसे दोघं नरडाण्याजवळच्या आपल्या गावी आले. पुढे मावसे गेले आणि मावशी एकटी उरली. एकटी म्हणजे नावापुरती. तिच्या ओट्यावर दिवसभर कुणी ना कुणी असतंच. एकदा तिने त्याला विचारलं, "भाऊ, तू तठे करस तरी काय?"

"लोकांमध्ये जाऊन बसतो. ते काय करतात, काय बोलतात, ते बघतो."

"मंग हाई काम ते आठे बठ्ठाच करतस," मावशी ओट्यावरच्या सगळ्यांकडे हात करत म्हणाली.

मागच्या खेपेला तिने त्याच्या नव्या कादंबरीचा हट्ट धरला. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून तो ओट्यावर बसून एकेक पान अहिराणीत सांगू लागला. कादंबरीत एक म्हातारी होती. नवरा समुद्रात बुडालेला, कुणाचं येणं-जाणं नाही, रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावून बसायची. मावशीने त्याला मध्येच थांबवलं.

"हाई म्हतारी खरी शे का?"

"खरी आहे. माझ्या शेजारीच राहते."

"तू तिन्हा घरमा कितला खेप गया?"

एकदाही नाही, तो म्हणाला. तिकडे न बोलावता कुणी कुणाकडे जात नाही, हे त्याने समजावलं. आपण फक्त पाहायचं, मध्ये पडायचं नाही, असं शास्त्रही म्हणतं, हेही सांगितलं. मावशी संतापली. "भिंतीले भिंत लाईसन राहस, तिन्हावर पुस्तक लिखस, आनि घरमा गया नही? शास्त्र गयं चुल्हामा! पहिले तिन्हा घर जाय."

मोठमोठ्या परिषदांत न हरलेला हा माणूस परत गेला तो थेट डब्यात शेवभाजी घेऊन शेजारणीच्या दारात उभा राहिला. दार उघडायला तिने बराच वेळ लावला. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाने. तरी तिने डबा संपवला आणि रविवारी पुन्हा ये म्हणाली. मग दर रविवार ठरून गेला. इकडे मावशीचा फोनवरचा पहिला प्रश्न बदलला. मुलगा जेवला की नाही, हे नंतर, आधी "म्हतारी कशी शे?"

यंदा थंडीत मी मावशीकडे गेले होते, तेव्हा दुपारी त्याचा फोन आला. म्हातारी सकाळी गेली होती. मावशीने फोन माझ्या हातात दिला, हातपाय धुतले, बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि जिला कधी पाहिलं नव्हतं तिच्यासाठी त्रिसरण म्हटलं. तिचा चेहरा पाहून शेजारच्या बायका एकेक करून आत आल्या.

"कोन गयं वं अक्का?"

"मन्हा पोऱ्यानी शेजारीन."

त्या मावशीला टेकून बसल्या. मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो त्यांच्या मध्ये, सतरंजीवर ठेवला. एकीने फोनकडे वाकून हळूच विचारलं, "भाऊ, तिले पोरंसोरं व्हतात का रे?"

"नही वं काकू," तो म्हणाला, आणि मग कितीतरी वेळ त्यांना तिच्याबद्दल सांगत राहिला.